कपाट जरा जड आहे

बैठक चिमटाबद्दल होती, म्हणूनच चिमटाला बैठकीत जागा नव्हती.

"तू आत पड जरा. आम्ही ठरवतो, मग तुला सांगतो," थोरला भाऊ म्हणाला होता, आणि म्हणताना आवाज असा लोण्यासारखा केला होता की चिमटाच्या दातांना कळ आली. सत्तेचाळीस वर्षांची बाई. जीभ धारदार, डोकं घरातल्या कुठल्याही दोन डोक्यांना भारी. चालत नव्हते ते फक्त पाय, तेही लहानपणच्या तापापासून. पण या घराचा हिशोब सरळ होता. पाय गेले म्हणजे मतही गेलं.

चिमटा पडली नाही. छोट्या चाकांच्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत ती पॉलिशच्या खोलीत आली. चाकांची खुर्ची मिळायचा प्रश्नच नव्हता, तिच्यात धाकटा बसला होता. त्याची पाठ धरली होती ना! पाठ धरली की त्याला घरातली सगळ्यात आरामाची जागा लागायची, आणि ती दर वेळी बहिणीचीच निघायची.

फर्निचरवाल्यांचं घर. खाली सुतारकाम, भुसा लागू नये म्हणून वरच्या मजल्यावर पॉलिश, आणि उरलेल्या खोल्यांत माणसं. पॉलिशची खोली आणि बैठकीची खोली यांच्या मध्ये प्लायवुडची पातळ भिंत. पलीकडे कुणी जांभई दिली तरी अलीकडे कळायचं.

"चला, सुरू करा," पलीकडून आईचा आवाज आला. "माझी झोप खोळंबलीय."

"आई, तिच्या भल्याची गोष्ट आहे ही," थोरला म्हणाला.

"म्हणूनच म्हणते, उरका. तुम्ही तिचं भलं करायला बसलात की उठायचं नाव घेत नाही."

चिमटाने तोंडावर हात दाबला. हसू फुटलं असतं तर सगळाच खेळ फसला असता.

गोष्ट होती समाजकेंद्राची. दोन गल्ल्या सोडून ते केंद्र होतं, आणि तिथे दुपारी सगळे जमायचे. डोळ्यांनी न दिसणारे, कानांनी न ऐकणारे, खुर्चीवाले, कुबडीवाले, हात थरथरणारे. कुणी पोहायचं, कुणी गायचं, कुणी बसल्या बसल्या चेंडू फेकायचं. नियम एकच, ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. चिमटा पहिल्यांदा गेली तेव्हा तिथल्या एका बडबड्या आंधळ्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, बोटांनी वाचायच्या, उठावाच्या टिपक्यांच्या पत्त्यांत तिला सडकून हरवलं. वर म्हणाला, "डोळे असून इतकं वाईट खेळता बाई?" चिमटा घरी आली ती फुलून. कारण घरी तिला कुणी हरवतच नव्हतं. धाकटा मुद्दाम चांगलं पान लपवायचा, आणि लपवताना तिला दिसायचा. घरी तिच्याशी कुणी नीट भांडायचंही नाही. केंद्रात मात्र पंखा किती जोरात ठेवायचा यावरून तिची कडकडून जुंपायची, आणि रात्री तिला गाढ झोप लागायची.

आता केंद्राने तिला पॉलिशचा वर्ग घ्यायला सांगितलं होतं. आज चारला पहिला तास. ती पोचली नाही तर कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला उभं करणार होते. माणसं येऊन बसलेली असताना वर्ग रिकामा ठेवायचा कसा?

अडचण एकच होती. जिना. आधी दोघे भाऊ तिला उचलून खाली न्यायचे. मग धाकट्याची पाठ धरली. मग एके दिवशी थोरलाही अचानक म्हणाला, "पुरे झालं ते केंद्र. घरात काय कमी आहे तुला?" तेव्हापासून चिमटा वरच अडकली होती, आणि चहा गार झाला तरी घर डोक्यावर घेत होती.

खरी गंमत पुढेच आहे. या घराला लिफ्ट होती. पॉलिशच्या खोलीतून थेट रस्त्यावर. पण सामानाची. बाबांच्या काळात एकदा तिचा दोर तुटला आणि पलंगाचा भुगा झाला. तेव्हा बाबांनी नियम केला, हिच्यात माणूस चढणार नाही. पुढे दोर जाऊन जाड साखळी आली, मोटर आली, तपासणीवाला नेमाने येऊन तपासून जाऊ लागला. बाबा गेले. नियम तेवढा राहिला. मोठमोठाली कपाटं झोकात खाली जायची आणि चिमटा जिन्याच्या तोंडाशी बसून बघायची.

"ठीक आहे," ती काल भावजयीला म्हणाली होती. "कपाटांनाच जाता येतं ना? मग मी कपाटात जाते."

भावजय म्हणजे धाकट्याची बायको. दोघींचं पटत नाही हे अख्ख्या घराला पाठ होतं. मागच्या खोलीच्या वाटणीत झालेली खडाजंगी अजून कुणी विसरलं नव्हतं. पण भावजयीला पॉलिश शिकायचं होतं, आणि या घरात सुनांनी फक्त पॉलिशच्या चिंध्या धुवायच्या असा रिवाज. ती पदर खोचून म्हणाली, "मला हात शिकवाल? तुमचा खरा हात? सगळं दाखवून?"

"शिकवीन. पहिल्या बाकावर बसवून."

"मग उद्या मी तुमच्या विरोधात बोलते. म्हणजे कुणाला संशय यायचा नाही."

तर असं सगळं जुळलं होतं. केंद्रासाठीचं कपाट आजच जायचं होतं. चेंडू आणि पोहायचे ओले कपडे ठेवायला बनवलेलं, उंच, रुंद, मागच्या फळीला हवेसाठी भोकं. मधल्या फळ्या तिकडेच बसवायच्या होत्या, म्हणून आत ऐसपैस जागा. आणि मुठीला बांधायची लाल चिंधी तयार होती. लाल चिंधी म्हणजे पॉलिश ओलं आहे. चिंधी दिसली की घरातलं कुणीही, अगदी थोरलासुद्धा, त्या वस्तूला बोट लावायचा नाही. दार उघडून आत बघणं तर लांबच.

पण चिमटाचं घोडं इथेच अडलं. कोरड्या कपाटाला लाल चिंधी? या घरात तेवढं खोटं आजवर कुणी केलं नव्हतं. तिच्याने ते होईना. मग तिने कापसाची पुरचुंडी भिजवली आणि दारांवर लाखेचा एक हात मारला. चांगला जाड, कडांपर्यंत. आता चिंधी खरी झाली.

"आवरा की हो वन्सं!" भावजय बैठकीतून पाणी आणायचं निमित्त करून आली होती. "टेम्पो येईल."

चिमटा फळीवरून सरकून कपाटात बसली, पाय हातांनी आत ओढून घेतले, पाठ टेकली. भावजयीने कोपराने दारं लोटली. अंधार झाला. चिंधीची गाठ मारल्याचा आवाज आला, मग पलीकडे जाणारी पावलं.

"काय म्हणते ती?" थोरल्याने विचारलं.

"झोपल्यात," भावजय म्हणाली. "आणि खरं सांगू का, त्यांना अजिबात पाठवू नका. आधीच त्या शेफारल्यात."

कपाटात चिमटाने मान डोलावली. छान. सुरुवात चांगली झाली.

"केंद्रात जायला लागल्यापासून तर कुणाला मोजतच नाहीत. उलट बोलतात, सगळ्यात चुका काढतात. परवा मला म्हणाल्या, तुझ्या हातचा चहा म्हणजे गरम पाण्याला आलेला राग."

"तसं म्हणाली?" आई हसली.

"आणि घोरतात किती! भिंत हलते. आणि त्यांचं ते गाणं! केंद्रात शिकून आल्यात म्हणे. सुतारकामाचं यंत्र बरं."

चिमटाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. हे ठरलं नव्हतं. ही बया ठरल्याच्या बाहेरचं बोलत होती, आणि मनापासून बोलत होती.

"मी म्हणतो, केंद्रालाच इकडे बोलवू," धाकटा म्हणाला. बोलताना तो खुर्ची मागेपुढे करत होता, चाकांची किरकिर ऐकू येत होती. "येऊ देत त्या लोकांना. गातील, खेळतील, जातील."

"खुर्चीवाल्यांना वर कोण आणणार? तू?" आईने विचारलं.

"माझी पाठ..."

"तेच म्हणते मी. हे बघा, मला विचाराल तर तिला जाऊ द्या. ती जाते तेव्हा घर कसं शांत असतं. येते तेव्हा हसत येते. दोन्हीकडून माझाच फायदा."

"आई, तिला न्यायचं कुणी?" धाकट्याने विचारलं.

मग थोरला बोलला, आणि आवाज इतका खाली की चिमटाने कान कपाटाच्या फळीला लावला.

"मी नेलं असतं. आयुष्यभर नेलं. शाळेत पाठीवर घेऊन जायचो मी तिला. पण माझा गुडघा गेलाय. शेवटच्या वेळी तिला खाली नेताना मधल्या पायरीवर पाय असा लटपटला... वाटलं, दोघेही जातो. तिला कळलंसुद्धा नाही, ती पाठीवर बसून मला मुंगीच्या चालीने चालतोस म्हणून चिडवत होती. तिला कुणी सांगायचं नाही हे."

चिमटाने फळीवरचा कान काढला. मग तिला राग आला. मुंगी म्हटल्याचं वाईट वाटलं त्याचा राग नाही, दुसराच. 'गुडघा गेला' हे दोन शब्द बोलायला लाज वाटते म्हणून हा माणूस आपल्याला घरात डांबून ठेवतो?

तेवढ्यात खालून टेम्पोचा भोंगा वाजला. जिन्यावर धाडधाड पावलं, आणि हमाल आत आला.

"केंद्राचं कपाट कुठलं? हे का?"

"हो, हो, हेच," भावजय धावत आली. "आडवं करायचं नाही हां. उभंच सरकवायचं. पॉलिश ओलं आहे."

हमालाने खांदा लावला. "आयला! काय भरलंय आत?"

"लाकूड आहे ते. चांगलं लाकूड जडच असतं."

कपाट चाकांच्या फळकुटावर चढलं, लिफ्टच्या जाळीकडे सरकलं. चिमटाने भोकांना डोळा लावला. जाळीचं दार जवळ आलं. अजून थोडं. बस, अजून थोडंच.

"थांब," थोरल्याचा आवाज आला.

तो लंगडत आला आणि कपाटासमोर उभा राहिला. चिमटाला तो दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. हुंगत होता.

"कोरडं झालं होतं ना हे? ताजा हात कुणी मारला?"

"वन्संनी," भावजय म्हणाली. "सकाळी." मग जीभ चावली. "म्हणजे आत्ताच थोड्या वेळापूर्वी."

"आणि ओल्या हातावर दारं बंद केली?"

कपाटात चिमटाने दारांच्या फटीवरून बोट फिरवलं. अरे देवा! ओल्या पॉलिशवर दार बंद केलं की दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात, हे या घरातलं पोर बोलायच्या आधी शिकतं. तिने हळूच दार ढकलून बघितलं. ढिम्म.

थोरला हमालाला म्हणाला, "तू खाली जा. टेम्पो नीट मागे लाव. मी पाठवतो."

हमाल गेला. मग थोरल्याने बोटाच्या पेराने, चिंधीला न शिवता, बाजूच्या फळीवर टकटक केलं.

"चिमटे."

कपाट बोललं नाही.

"माझी बहीण सगळं करील, पण ओल्या पॉलिशवर बाहेरून दार लावणार नाही. म्हणजे दार लावलं तेव्हा ती बाहेर नव्हती. हो की नाही?"

"भावजयबाई," कपाट म्हणालं, "मी घोरते काय?"

भावजयीने पदर तोंडात कोंबला. थोरल्याने कपाळाला हात लावला.

"बाहेर ये!"

"दार चिकटलंय."

"मग पातळ पट्टीने कापतो. पट्टी कुठाय?"

"माझ्या कमरेला. आत."

"मग आतून काप आणि उघड!"

"उघडते ना. खाली गेल्यावर."

"चिमटे, मी दार फोडीन हां!"

"फोड की. तूच केलंयस ते, तूच फोड. सांधे बघितलेस ना किती सुरेख बसलेत? फोड."

थोरला दोन पावलं मागे सरकला. तयार कपाटावर हातोडा घालण्यापेक्षा त्याने स्वतःच्या बोटावर घातला असता, आणि हे आतल्या बाईला नीट माहीत होतं.

"बाबांचा नियम आहे," तो म्हणाला. आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण धार आली नाही.

"बाबांनी दोराबद्दल नियम केला होता. दोर गेला. आणि दादा, मी सगळं ऐकलं भिंतीतून."

थोरला पुन्हा फळीजवळ सरकला.

"गुडघ्याचं?"

"गुडघ्याचं. तू मला पाडलं असतंस तर मी तुला तेवढंच बोलले असते जेवढं रोज बोलते. पण न सांगता कोंडलंस ना, त्याचं मी आयुष्यभर ऐकवणार आहे. लिहून ठेव."

थोरल्याने नाक ओढलं. भावजय उगाच खिडकीबाहेर बघायला लागली.

"चार वाजता माझा वर्ग आहे," कपाट पुढे म्हणालं. "मी नाही गेले तर कोपऱ्यावरचा रंगारी शिकवणार."

"तो? त्याला पॉलिश येतं?"

"कशाला यायला पाहिजे? डबा हलवायचा आणि फवारायचं."

"फवारायचं?" थोरल्याचा आवाज एकदम फाटला. "आपल्या कपाटासमोर उभा राहून? लाखेच्या कामासमोर तो माणूस डब्यातलं फवारणार?"

"फुस्स, फुस्स," कपाटाने करून दाखवलं.

थोरल्याने जाळीचं दार सरकवलं, कपाट आत रेटलं, आणि स्वतःही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"भाऊजी, तुम्ही?" भावजय ओरडली.

"मग तिला एकटीला पाठवू? आणि मला तरी जिना कुठे उतरवतोय आता?" त्याने डोळे घट्ट मिटले. "दाब बटण. हळू... म्हणजे, ते हळूच जातं ना?"

बटण दाबलं गेलं. साखळी कुरकुरली, फरशी थरथरली, आणि दोघे भाऊबहीण, एक आत, एक बाहेर, खाली जायला लागले. मध्येच थोरला "आई गं" म्हणाला. कपाटातून हसण्याचा आवाज आला. मग तोही हसला, पण डोळे काही उघडले नाहीत.

खाली पोचल्यावर पट्टीचं टोक दोन दारांच्या फटीतून बाहेर आलं आणि सरसर खाली गेलं. दार उघडलं. आत चिमटा बसलेली, घामाने डबडबलेली, केसांना लाखेचा वास, चेहऱ्यावर लग्नघरातल्या करवलीचा रुबाब. हमालाच्या हातातली विडी पडली.

"बघत काय बसलास? टेम्पोत पुढे बसायचंय मला."

"बाई... कुठून धरू?"

चिमटाने त्याच्याकडे नीट बघितलं. घरात आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. "एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली. आणि श्वास रोखून धरू नको, तू पडशील."

ती पुढच्या सीटवर नीट बसते न बसते तोच वरची खिडकी उघडली. धाकटा डोकावला, तसाच खुर्चीत बसून. स्वतः बोलत असला की त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकू यायचं नाही.

"दादा! अरे तू खाली काय करतोयस? इकडे ठरलं सगळं! ताई कुठेही जाणार नाही, आपण तिला मोठा टीव्ही घेऊ. आईचा विरोध आहे, पण मी समजावतो. ताई झोपून उठली की तिला..."

"उठले मी!" चिमटा रस्त्यावरून ओरडली. "टीव्ही तुलाच ठेव! माझी खुर्ची आण खाली!"

धाकट्याच्या मागे आईचं खदखदणारं हसू ऐकू आलं, मग भावजयीचं. मग खुर्ची खिडकीतून दिसेनाशी झाली आणि जिन्यावर दणदण पावलं वाजली. धाकटा आख्खी खुर्ची डोक्यावर घेऊन दोन दोन पायऱ्या सोडत उतरला. मागोमाग त्याची बायको, चप्पल घालत.

"काय हो," तिने विचारलं, "पाठ कशी आहे?"

धाकटा रस्त्याच्या मधोमध थांबला, खुर्ची डोक्यावर. मग त्याला आठवलं. "आई आई आई," तो कण्हला, पण खुर्ची खाली ठेवताना कंबरेतून इतका छान वाकला की हमालालाही हसू आवरेना.

खुर्ची मागे चढली. कपाट चढलं, दारं सताड उघडी, कडांवर पॉलिश खरवडल्याचे दोन लांब पांढरे ओरखडे. भावजय कपाटाशेजारी जाऊन बसली, जणू पहिला बाक तोच. थोरल्याने ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि तो कळवळला.

"हे तिकडेच दुरुस्त करावं लागेल. मी येतो बरोबर."

"वर्ग माझा आहे," चिमटा म्हणाली. "यायचं तर मागे बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही."

"चुकीचं शिकवलंस तरी?"

"तर हात वर करायचा. तिथे सगळे तसंच करतात. मग आम्ही भांडतो."

थोरला गुडघा धरून मागे चढला. खिडकीतून आई हात हलवत होती. टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली, आणि सवयीप्रमाणे मान वळवून मागे थोरल्याकडे पाहिलं.

"मालक, निघू का?"

थोरल्याने तोंड उघडलं. मिटलं. मग त्याने पुढच्या सीटकडे बोट दाखवलं.

टेम्पोवाला गोंधळला, शेजारच्या बाईकडे वळला. "बाई, निघू का?"

चिमटाने जरा वेळ घेतला. पदर नीट केला, केस मागे सारले, वरच्या खिडकीकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं. ही गंमत तिला लवकर संपवायची नव्हती.

"हं," ती शेवटी म्हणाली. "हाण."